तिला काच फुंकायची आहे

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या अठरा वर्षांच्या मुलीला पदवीला न जाता हाताने फुंकून काचेचे पेले, सुरया, फुलदाण्या करायला शिकायचं आहे. तुमची काळजी दुहेरी आहे: तिची अंगकाठी बारीक, एवढा दम कुठून आणणार, आणि यावर पोट भरेल का?

दमाचं म्हणाल तर ती भीती सोडा. सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून फुंकणीच्या टोकावर गुंडाळून घेतलेली काच घट्ट मधासारखी असते, तिच्यात बुडबुडा धरायला हलकी फुंकर पुरते. कस लागतो तो मनगटांचा. फुंकणी सतत फिरती ठेवावी लागते. हात थबकला की काच एका बाजूला ओघळते. शिवाय दिवसभर त्या धगीपुढे उभं राहायचं.

वेळ मात्र खूप लागतो. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे नामवंत काच कारागीर लिनो ताल्यापिएत्रा यांनी कोवळ्या वयात शिकाऊ उमेदवारी सुरू केली आणि एकविसाव्या वर्षी ते उस्ताद ठरले. उमेदवाराच्या वाट्याला आधी भट्टीचं दार उघडणं, झाडलोट, उस्तादाला हवा तेव्हा काचेचा गोळा आणून देणं हेच येतं. ते कमी लेखू नका, कारण हे काम जोडीने किंवा चमूनेच होतं. एकलकोंड्या स्वभावाला ते जड जातं.

आता पोटाचं. पूर्वी हा धंदा कारखान्यांचाच होता. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात कलेचे प्राध्यापक हार्वी लिटलटन यांनी कार्यशाळा घेऊन लहान भट्टीवर कलाकार स्वतः काम करू शकतो हे दाखवलं, तिथून छोटे स्टुडिओ वाढले. पण भट्टी लहान असली तरी रोज विझवता येत नाही. थंड होऊन पुन्हा तापताना मूस, म्हणजे काच वितळवायचं भांडं, तडकू शकते, म्हणून मागणी असो वा नसो, इंधन रात्रंदिवस जळतं. बुडतात ते बहुतेक याच खर्चाने. म्हणून पहिली काही वर्षं स्वतःची भट्टी नकोच. दुसऱ्याच्या कार्यशाळेत नोकरी करावी, जमेल तशी भट्टी तासांवर भाड्याने घेऊन स्वतःचं काम करावं. बर्नरच्या ज्योतीवर बोरोसिलिकेट (उष्णतेने सहसा न तडकणाऱ्या) काचेच्या नळ्या घडवण्याचं कामही तिने पाहावं. त्याला मोठी भट्टी लागत नाही आणि प्रयोगशाळांची खास उपकरणं करणारे कारागीर त्यातूनच तयार होतात. मला तो रस्ता अधिक भरवशाचा वाटतो.

कार्यशाळा निवडताना धुराड्याची सोय, डोळ्यांचा चष्मा आणि कच्च्या मालाची धूळ कशी हाताळतात हे बघा. सिलिकाची, म्हणजे काचेच्या वाळूची, बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. इथे तडजोड नको.

नकार देण्याआधी तिला काच फुंकण्याच्या काही आठवड्यांच्या प्राथमिक वर्गाला पाठवा. तिथे तिने फुलदाणीच्या मागे न लागता एकसारखे सहा साधे पेले करायचा प्रयत्न करावा. घरच्या भांड्यांचा खरा धंदा त्या एकसारखेपणातच आहे. प्रत्येक पेला साधारण ५०० अंशांच्या पेटीत ठेवून तासन्‌तास सावकाश निववावा लागतो, नाहीतर तडकतो. त्यामुळे आपली चूक हातात घेऊन बघायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो. हा धीर तिच्यात आहे का, ते तिथेच कळेल.

पेले घरी आले की त्यांतला सगळ्यात वाकडा कोणता आणि तो वाकडा का झाला, हे तिला विचारा. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.