विषारीपणाच्या चाचणीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालूनही डॅफ्निया (गोड्या पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव) मरत नाहीत. माझं काय चुकतंय?

एम-४ माध्यमात (डॅफ्निया पाळायला बनवलेलं पाणी) लिटरला 150 मायक्रोग्रॅम तांबं देऊनही 48 तासांनी पिल्लं ठणठणीत, आणि गाइड म्हणतात तुमचे डॅफ्नियाच खराब. डॅफ्नियांना कशाला बोल लावता? पाणी बघा.

एम-४मध्ये लिटरला 2.5 मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) असतं. थोडं माध्यमातल्या लोखंडात अडकलं तरी उरलेलं तुमचं तांबं धरून बसतं. कल्ल्यांशी जाऊन सोडियम घेणं बंद पाडतो तो मोकळा तांब्याचा आयन. बांधलेल्या तांब्याचा उपद्रव फारच कमी. ‘यंत्रावर तांबं दिसलं म्हणजे तेवढं विष’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही.

पैदास एम-४मध्येच करा, चाचणी साध्या क्षारांच्या पाण्यात. लिटरला कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) 294, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) 123.25, सोडियम बायकार्बोनेट 64.75, पोटॅशियम क्लोराइड 5.75 मिलिग्रॅम. पिल्लं 24 तासांच्या आतली, पाच-पाचचे चार बीकर, खाणं बंद. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला, सोबत एम-४ कमीत कमी जाऊ द्या, नाहीतर ईडीटीए परत आलंच. काचेची भांडी 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून धुवा.

वजनही तपासा. मोरचुदात तांबं फक्त 25.5 टक्के. लिटरला 100 मिलिग्रॅम तांब्याचं द्रावण हवं तर मोरचूद 393 मिलिग्रॅम लागतं. 100च घेतलं असेल तर मात्रा चौपट कमी पडली. खडे पांढुरके झाले असतील तर हा हिशेबही चुकतो, नवी बाटली फोडा.

आणि मेलेले मोजू नका. बीकर हलकेच फिरवा, 15 सेकंद बघा. तळाशी पडून नुसती स्पर्शिका हलवणारं पिल्लू पोहत नसेल तर ते ‘निश्चल’मध्येच धरायचं. कंट्रोलमध्ये (तांबं न घातलेल्या बीकरमध्ये) 10 टक्क्यांहून जास्त निश्चल झाले तर चाचणी बाद.

आकडा कुठला उद्धृत करायचा म्हणाल, तर पाण्याचा कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) न लिहिलेला कुठलाच नको. वरचं पाणी लिटरला 250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं, म्हणजे बरंच कठीण. मऊ पाण्यात 50 मायक्रोग्रॅमनेही डॅफ्निया आडवे होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) तांब्याची स्वीकार्य मर्यादा तेवढीच, 0.05 मिलिग्रॅम.

गाइडचा संशय तरीही फिटला नाही तर पोटॅशियम डायक्रोमेट (जनावरांची संवेदनशीलता तपासायचं ठरलेलं विष) लावून दाखवा. 24 तासांत निम्मे निश्चल करणारी मात्रा लिटरला 0.6 ते 2.1 मिलिग्रॅममध्ये आली की जनावरं ठीक. मात्र हा पल्ला डॅफ्निया मॅग्नाचा आहे. तळ्यातून जाळीने धरलेली जात असेल तर लागू नाही.