सोळाव्या वर्षीचं डिप्रेशन आणि एकतिसाव्या वर्षीची नोकरी

"शाळा-कॉलेजच्या वयात मला डिप्रेशन होतं. म्हणून मी नोकरीत मागे पडतोय का? आणि हे आता असंच चालणार का?" तिशीच्या आसपासची माणसं मला हे बरेचदा विचारतात. एका केसच्या आधाराने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो एकतीस वर्षांचा, आकडेवारीच्या विश्लेषणाचं काम करणारा. कामात हुशार, हे वरिष्ठही मान्य करत. तरी बरीच वर्षं त्याच पदावर. बढतीसाठी अर्ज करायची वेळ आली की "या वर्षी नको" ठरलेलं. साहेबांचा 'जरा येऊन भेट' एवढा मेसेज आला तरी त्याची अख्खी दुपार वाया जायची. "मॅडम, माझा पायाच कच्चा राहिलाय," तो म्हणाला.

सोळाव्या वर्षी जवळपास वर्षभर तो खोलीतून बाहेर पडायला तयार नसे. घरच्यांना दिसली ती चिडचिड आणि आळस. या वयातली उदासी पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर येते, त्यामुळे 'वयच तसं आहे' म्हणून सोडून दिली जाते. उपचार झालेच नाहीत. हळूहळू ते ओसरलं.

अशा वेळी मी भूतकाळात शिरण्याआधी आजचं बघते. पीएचक्यू-९ या डिप्रेशनची लक्षणं तपासणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. नववा जीव नकोसा वाटण्याबद्दलचा. तो मी नुसता कागदावर सोडत नाही, समोर बसून विचारते. थायरॉइडची तपासणीही करून घ्यायला सांगते, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. त्याचं दोन्ही ठीक निघालं. तसं नसतं तर बढतीचा विषय बाजूला ठेवून मी त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

'पाया कच्चा' या समजुतीबद्दल त्याला एक अभ्यास सांगितला. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च परिसरात १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ मुलांचा मागोवा संशोधकांनी वर्षानुवर्षं घेतला. १४ ते १६ या वयात डिप्रेशन झालेल्यांना एकविशीपर्यंत ते पुन्हा होण्याचा, तसंच चिंताविकाराचा धोका जास्त होता. शिक्षणात आणि नोकरी मिळण्यातही ही मुलं मागे दिसली, पण घरची परिस्थिती आणि इतर अडचणी हिशेबात घेतल्यावर तो संबंध टिकला नाही. इतर काही अभ्यासांत बेरोजगारीशी संबंध दिसतो, त्यामुळे विषय मिटलाय असं नाही. पण डिप्रेशन झालं म्हणजे करिअर संपलं, असं यातून निघत नाही. आजार पुन्हा होऊ शकतो, ही गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायची.

मग त्याचं अडत कुठे होतं? त्याने मोबाइलवर न पाठवलेले मेल दाखवले. एका अहवालातली हिशेबाची पद्धत चुकीची आहे, असं साहेबांना कळवणारा मेल त्याने चारदा लिहिला होता. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा मिळमिळीत, आणि शेवटच्यात तर तीन ओळी माफीच्याच. मेल गेलाच नाही. पुढे तीच चूक दुसऱ्याने दाखवली आणि शाबासकी घेऊन गेला.

ज्या वयात बाकीची मुलं शिक्षकांशी वाद घालतात, भांडतात, हरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जातात, त्या वयात हा नजरेस न पडायला शिकला. तेव्हा त्यावर तो तगला. आजार गेला, सवय राहिली, आणि ऑफिसात लोक तिलाच त्याचा स्वभाव समजू लागले. मला विचाराल तर असल्या माणसांना 'आत्मविश्वास वाढवा' सांगण्याइतका निरुपयोगी सल्ला नाही.

आम्ही छोटे प्रयोग ठरवले. माफी न मागता मेल लिहायचा, दहा मिनिटांत पाठवायचा. आधी वहीत भाकीत लिहायचं, नंतर काय झालं ते. पहिलं भाकीत: "साहेब म्हणतील, तुला कोणी विचारलं?" उत्तर आलं: "ठीक आहे, बदल." तो जरा वैतागलाच. एवढ्यासाठी इतकी वर्षं!

ऑफिसात जुन्या आजाराबद्दल सांगायचं का, हेही त्याने विचारलं. कायदे देशागणिक वेगळे आहेत. माझं मत असं, की कामात काही सवलत हवी असेल तर विश्वासातल्या माणसाला गरजेपुरतं सांगावं. नुसतं मन हलकं करायला साहेबांची केबिन निवडू नये.

पुढच्या खेपेला त्याने अर्ज केला. पद दुसऱ्याला मिळालं. दोन दिवस तो नीट झोपला नाही आणि घाबरून फोन केला, "परत सुरू झालं का?" दोन दिवसांची निराशा म्हणजे डिप्रेशन नव्हे, पण जवळपास दिवसभर टिकणारी उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे चाललं, झोप-भूक बिघडली, तर थांबायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही नाही. त्याची स्वतःची खूण त्याने वेगळी लिहून ठेवली होती: मित्रांच्या मेसेजना उत्तर देणं बंद पडतं. ते चालू होतं. त्या आठवड्यात त्याने साहेबांना विचारलं, कुठे कमी पडलो? ते म्हणाले, टीम सांभाळल्याचा अनुभव नाही. सध्या दोन नवीन मुलं त्याच्या हाताखाली आहेत, आणि त्यांना चूक कशी सांगायची हा आमचा ताजा विषय आहे.