बाल्कनी नसलेल्या घरात भाजी: आधी उजेड बघा, मग बी

तुमची अडचण थोडक्यात अशी: डोंबिवलीतलं वन रूम किचन, बाल्कनी नाही, उत्तरेच्या खिडकीत टोमॅटो-मिरचीची रोपं ठेवलीत, ती नुसतीच उंच आणि लेचीपेची होतायत, फुलं धरत नाहीत, तर आता कोणतं खत घालू? खत अजिबात घालू नका. कमी पडतोय तो उजेड. त्यात नत्र दिलंत तर रोप आणखी लांबडं होऊन मान टाकेल.

फळभाजीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. घरात खिडकीपासून चार-पाच फुटांवर तो बऱ्याचदा हजाराच्याही खाली येतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते, पण झाडाचं त्यावर भागत नाही. दक्षिणेची खिडकी असती तर हिवाळ्यात तिरपं ऊन आत आलं असतं. उत्तरेच्या खिडकीत फळाची आशा सोडा आणि पानं खा.

पहिलं पीक म्हणून मी डोळे झाकून समुद्र मेथी सांगेन. मुंबईच्या बाजारात पांढऱ्या देठांच्या छोट्या जुड्या मिळतात ना, तीच. किनाऱ्याजवळच्या रेतीत दाट पेरतात आणि कोवळी असतानाच मुळांसकट उपटतात. घरातल्या डब्यातले मेथीदाणे चालतात. मिठाईच्या चपट्या प्लास्टिकच्या डब्याला खाली भोकं पाडा, दोन-तीन इंच धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत भरा. रात्रभर भिजवलेले दाणे दाट पसरा, पण एकमेकांवर चढू देऊ नका. वर पातळ थर टाकून ओलं फडकं झाका. दोन-तीन दिवसांत मोड वर आले की फडकं काढून डबा थेट काचेशी. आधी दोन जाडसर बीजदलं उघडतात, मग एकच गोल पान येतं आणि त्यानंतर मेथीचं ओळखीचं त्रिदल. ते त्रिदल दिसलं की उपटायला घ्या, साधारण दोन आठवड्यांत. तोवर रोप बऱ्यापैकी बियांतल्या साठ्यावर जगत असतं, म्हणून कमी उजेडात निभतं. मोहरीचंही असंच, ती तर त्याहून लवकर तयार होते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. शेतीच्या दुकानातलं गुलाबी किंवा निळसर रंग लावलेलं बी अशा कोवळ्या पिकाला वापरायचं नाही. त्यावर बुरशीनाशक असतं आणि आपण रोप पंधरा दिवसांच्या आत खातोय. किराणा दुकानातलेच दाणे घ्या.

लसणाची पात सगळ्यांत सोपी. पाकळ्या टोक वर करून खोचा आणि पात कापत राहा. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या, खालची पानं काढून, पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. कोथिंबीर जरा हट्टी. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा, तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. उत्तरेच्या खिडकीत ती विरळच राहते.

कोथिंबीर भरघोस हवी असेल तर दिवा लावा. महागडा जांभळा दिवा नको, 20 वॉटची साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांपासून वीतभर अंतरावर टांगा. रोज 14 तास लावली तरी महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज जाते. रोपं वाढतील तशी ट्यूब वर घ्या. लांब टांगली तर काही उपयोग नाही.

पाण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवा. बोटाचं पहिलं पेर कोरडं लागल्याशिवाय पाणी नको, नाहीतर मातीत चिलटं होतात आणि कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. पावसाळ्यात हवा खेळण्यासाठी पंखा मंद चालू ठेवा. डब्याखालच्या ताटलीतलं पाणी रोज ओता, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात.

आता तुमची रोपं. सोसायटीने गच्चीवर दोन कुंड्या ठेवू दिल्या तर ती वाचतील. टोमॅटोची खालची पानं काढून ते लांबडं खोड अर्ध्याहून जास्त मातीत गाडा, त्याला तिथे नवी मुळं फुटतात. मिरची मात्र आहे त्याच खोलीवर लावा. आणि दोन्ही एकदम उन्हात नेऊ नका, आधी आठवडाभर फक्त सकाळचं कोवळं ऊन द्या, नाहीतर पानं करपतील.