अकरा, एक, तीन

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला, दोनदा वाचला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर सिंगापूरने काय भूमिका घेतली, हा विषय तू आपणहून निवडलास याचा मनापासून आनंद झाला. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, ‘सिंगापूर अखेर अमेरिकेच्या गोटात गेलं.’ त्या वाक्याशी मी अडलो. हे पत्र त्यासाठीच.

एक कर. दोन मतदानं शेजारी शेजारी मांड. २८ ऑक्टोबर १९८३, संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा परिषद. अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवलं होतं, त्याविरुद्धचा ठराव. बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. तो एक म्हणजे अमेरिकेचा नकाराधिकार, म्हणजे एकट्याच्या विरोधाने ठराव पाडण्याचा बड्या देशांचा हक्क. आता २५ फेब्रुवारी २०२२, तीच परिषद, प्रश्न युक्रेनचा. बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. नकाराधिकार रशियाचा. आकडे हुबेहूब तेच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसलो होतो.

परिषदेत गाडी अशी अडली की प्रश्न सर्व सदस्य देशांच्या महासभेत नेता येतो. तिथे मोठ्याला एक मत आणि लहानालाही एकच. १९८३ मध्ये महासभेने ग्रेनाडातल्या कारवाईविरुद्ध ठराव केला, १०८ विरुद्ध ९. सिंगापूरने त्याच्या बाजूने मत दिलं, म्हणजे अमेरिकेच्या विरोधात. टॉमी कोह तेव्हा तिथे सिंगापूरचे राजदूत होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कारवाई करणारे आमचे मित्रच आहेत आणि गप्प बसणं आम्हाला फार सोयीचं झालं असतं, पण ज्या तत्त्वांना (कुणी दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवू नये, अशा) आम्ही आमची ढाल मानतो, त्यांचं मोल त्याने कमी झालं असतं. ‘ढाल’ हा शब्द अधोरेखित कर. बृहन्मुंबईहून जरासाच मोठा देश. शेजारच्या बलाढ्य देशाने उद्या जुना नकाशा काढून हक्क सांगितला, तर त्याच्या हातात दुसरं काय आहे?

२०२२ मध्ये परराष्ट्रमंत्री विवियन बालकृष्णन हेच बोलले. २८ फेब्रुवारीला संसदेत त्यांनी टॉमी कोह यांच्या त्याच भाषणाचा दाखला दिला. युक्रेन रशियापेक्षा लहान असला तरी सिंगापूरहून कितीतरी मोठा आहे, हेही त्यांनी सांगितलं. २ मार्चला महासभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, त्यांत सिंगापूर होतं. आपण तटस्थ होतो. सिंगापूर तिथेच थांबलं नाही. चार रशियन बँका आणि लष्करी व इलेक्ट्रॉनिक मालाची निर्यात यांवर निर्बंध घातले. सुरक्षा परिषदेचा आदेश नसताना सिंगापूर असं सहसा करत नाही. लगेच रशियाच्या ‘अमित्र देशां’च्या यादीत त्याचं नाव आलं. (रशियाशी त्याचा व्यापार फार मोठा नव्हता, हेही प्रामाणिकपणे लिही.) आणि ७ एप्रिलला, रशियाला मानवाधिकार परिषदेतून निलंबित करण्याच्या ठरावावर हेच सिंगापूर तटस्थ राहिलं. गोटात गेलेला देश असं करतो का?

पण उलट टोकालाही जाऊ नकोस. कौतुकाच्या भरात माणूस निम्मा इतिहास गाळतो. १९७८ च्या डिसेंबरात व्हिएतनामने कंबोडियात सैन्य घातलं आणि तिथल्या पोल पॉट या हुकूमशहाची राजवट संपवली. १५ ते २० लाख माणसं त्या राजवटीत मेली होती. तरी आक्रमण ते आक्रमण, म्हणून सिंगापूर व्हिएतनामविरुद्ध ठाम उभं राहिलं. याचा परिणाम काय? संयुक्त राष्ट्रसंघातली कंबोडियाची खुर्ची वर्षानुवर्षं त्या मारेकऱ्यांच्या बाजूकडे राहिली, आणि ती राहावी म्हणून सिंगापूरनेच जोर लावला. हे वाचताना मला आजही अस्वस्थ होतं. तत्त्व बरोबर होतं असंच मी म्हणेन, पण त्याची किंमत कोणी मोजली हे लिहिल्याशिवाय तो परिच्छेद पुरा होणार नाही.

आणि २००३? इराकवर अमेरिका चालून गेली तेव्हा सिंगापूरचं नाव पाठीराख्या देशांच्या यादीत होतं. १९८३ ची कसोटी इथे लावून बघ. माझ्या मते सिंगापूर त्या कसोटीला उतरलं नाही. तुझं मत वेगळं असेल तर तेही मांड, फक्त हे साल वगळू नकोस. तुझ्या निबंधात ते कुठेच नाही.

अजून एक, ठरावातली क्रियापदं नीट वाच. सुरक्षा परिषदेच्या २०२२ च्या मसुद्यात आधी ‘निषेध’ होता, जास्त देश सोबत यावेत म्हणून तो सौम्य करून ‘तीव्र खेद’ केला गेला. एकेका शब्दावर राजदूत रात्र रात्र जागतात, मग आपण ते घाईत वाचून कसं चालेल?

तिसरं पान नव्याने लिही. येताना कोह यांचं भाषण आणि बालकृष्णन यांचं निवेदन, दोन्ही छापून आण. ओळीला ओळ लावून वाचू.

तुझा,
सर