वामनदादा कर्डकांची गाणी ऐकायची तर शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका

तुम्ही विचारलंय, की भीमजयंतीला वाजणाऱ्या पुष्कळ गाण्यांखाली 'वामनदादा कर्डक' हे नाव दिसतं, तर ही गाणी नीट समजून ऐकायला सुरुवात कुठून करावी. मला ती कशी कळली तेच सांगतो, त्यातून तुम्हाला वाट सापडेल.

मी सावद्याकडचा, केळीच्या पट्ट्यातला. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मला वामनदादा हे नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांची वीसेक गाणी तोंडपाठ होती. आई भाकरी थापताना गुणगुणायची. वस्तीत नामकरण असो की जलदान विधी (माणूस गेल्यावर होणारा बौद्ध विधी), रात्री गायनपार्टी बसायचीच. ही गाणी कुणी लिहिली असतील, असा प्रश्नच पडायचा नाही. जात्यावरच्या ओव्यांना कुठे कुणी कवी विचारतं?

माझा मामा दिवसा केळी कापणाऱ्या टोळीत आणि रात्री पेटीवर. त्याची एक दोनशे पानी वही होती. केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही, तसाच तो कागदालाही धरतो. त्या वहीचे कोपरे तपकिरी डागांनी भरलेले होते. गाणी निळ्या शाईत, गोल अक्षरात. आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एका शब्दाखाली लाल रेघ: वामन.

एकदा जयंतीच्या तालमीत मी एक गाणं म्हटलं आणि दोन कडव्यांवर थांबलो. आमच्या घरच्या कॅसेटमध्ये ते तेवढंच होतं. मामाने भाता दाबून पेटी बंद केली. म्हणाला, "भाच्या, शेवटलं कडवं खाल्लं तू. अरे, मानसाचं नाव राह्यतं तिथं." त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की ही गाणी आपोआप उगवलेली नाहीत. एका माणसाने ती एकेक करून घडवली आहेत, आणि अभंगात नाममुद्रा असते तसं आपलं नाव शेवटी गुंफलंय. शेवटचं कडवं गळलं की तो माणूसच गळतो.

म्हणून पहिली गोष्ट, गाणं पूर्ण मिळवा. मग 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे गाणं घेऊन बसा. मी ते लहानपणापासून गौरवगीत समजून म्हणत होतो. बांधणी गझलेची: लोक, टोक, चोख अशी यमकं आणि प्रत्येक वेळी शेवटी 'असते'. (क आणि ख यांचं यमक कागदावर खटकेल, गाताना कानाला ते गोडच लागतं.) मराठीत 'जर असते' म्हणजे काय? नाहीत. म्हणजे गाण्यातला प्रत्येक 'असते' खरं तर 'नाही' म्हणतोय. मुखडा मुख्य गायक म्हणतो, कोरस तो शेवटचा शब्द उचलतो आणि सगळा मंडप 'असते' म्हणत राहतो. हजारोंच्या गर्दीला कवी विचारतोय, तुमच्यात खरे पाच तरी आहेत का? आणि गर्दी स्वतःच्या तोंडाने त्याचं उत्तर देते. आपल्याच माणसांना इतक्या प्रेमाने आणि इतकं स्पष्ट सुनावणारं दुसरं गाणं मला माहीत नाही. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

वामनदादांच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईला आले तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचता आलं नाही आणि ती सल मनाला लागून राहिली. मग एका मास्तरांकडून बाराखडी शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत पक्की केली. गिरणीत आणि इतर ठिकाणी अंगमेहनतीची कामं केली. १९४३ पासून गाणी लिहू लागले आणि हजारोंनी लिहिली. १५ मे २००४ ला गेले.

पाट्यांची ही गोष्ट वाचल्यापासून मला त्यांचं 'सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो' वेगळं ऐकू येतं. बाटा, टाटा, पुढे साठा, वाटा. पाट्यांवरची अक्षरं लावत शिकलेला माणूस त्याच मोठ्या नावांना ओळीत उभं करून आपला वाटा मागतो. हा संबंध माझ्या मनाचा आहे, त्यांनी कुठे लिहिलेला नाही. पण एकदा तसं ऐकून बघा.

एक घोटाळा टाळा. आंबेडकरी जलशांचे, म्हणजे गाण्या-नाट्यातून बाबासाहेबांचा विचार सांगणाऱ्या कार्यक्रमांचे, भीमराव कर्डक हे वेगळे. तेही नाशिककडचेच, पण वामनदादांच्या आधीचे. आमच्याकडेही लोक दोघांची गल्लत करतात.

आणि खान्देशातले असाल तर मुक्ताईनगरच्या प्रतापसिंग बोदडे यांना विसरू नका. ते वामनदादांचे शिष्य. 'दोनच राजे इथे गाजले' हे तुम्ही नक्की ऐकलं असेल, ते त्यांचं. गुरूच्या आणि शिष्याच्या गाण्यांतली शब्दांची निवड शेजारी ठेवून पाहिली की परंपरा म्हणजे काय ते कळतं. मला तरी तसंच कळलं.

पुस्तकांत 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे संग्रह शोधा, शिवाय 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन. नुसती वाचायची मात्र ही गाणी नाहीत. वाचताना काही ओळी सपाट वाटतील. ढोलकीवर त्याच ओळी पेटतात, कारण त्या श्वासाच्या हिशेबाने बांधल्यात, पुढच्या ओळीआधी कोरसला जागा सोडून. डीजेवरच्या आवृत्तीत ही जागा ठोक्यांनी भरून टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या भागात एखादी जुनी गायनपार्टी अजून बसत असेल तर रात्र काढून जा. पुढच्या रांगेपेक्षा कोरसच्या शेजारी बसायला मिळालं तर बघा. आणि म्हणा, लाजू नका.

मामा आता नाही. वही माझ्याकडे आहे. काही गाण्यांखाली त्याने चार ओळींची जागा मोकळी सोडली होती. शेवटचं कडवं त्याला मिळालं नव्हतं. त्यातलं एक मला गेल्या वर्षी वरणगावकडच्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडून मिळालं. एका जलदान विधीच्या रात्री त्यांनी ते सहज म्हटलं. मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं आणि उतरवून घेतलं. शेवटून दुसऱ्या ओळीत 'वामन' होतंच. मामाच्या लाल पेनाची शाई वाळून गेली होती, म्हणून नवीन घेऊन रेघ मारली.

अजून तीन गाण्यांखाली जागा मोकळी आहे.