पिल्लाची आई कुठे असते?

प्रश्न: ताई, माझ्या सहा वर्षांच्या मुलाला जंगली पिल्लांच्या विनोदी कार्टूनचं वेड आहे. एका भागात कासवाचं पिल्लू आईला शोधत समुद्रभर धडपडतं आणि हा पोट धरून हसतो. आता आम्ही वेळासला कासवं पाहायला जाणार, तर म्हणतो, "एक पिल्लू घरी आणू, आई मिळेपर्यंत बादलीत ठेवू." ही कार्टून बंद करावीत का?
— एक आई, गुहागर

उत्तर: मुळीच नको. पिल्लाची एवढी काळजी त्याला त्या कार्टूनमुळेच वाटू लागली. फक्त भाग संपला की शेजारी बसून विचारा, "खऱ्या पिल्लाची आई कुठे असते रे?"

कासवाची आई तिथे नसतेच. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्ड्यात शंभरेक अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परत जाते. वाळू दाबताना ती अंग डावी-उजवीकडे आपटते. आमच्या बालवाडीत मुलं पालथी पडून हे करून दाखवतात तेव्हा कार्टूनपेक्षा जास्त हसतात! साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात आणि उजेडाच्या रोखाने पाण्याकडे निघतात. अंड्यातल्या बलकाची उरलेली शिदोरी पहिल्या पोहण्यासाठीच असते. बादलीत फेऱ्या मारण्यात ती संपून जाईल, हे मुलाला सांगा. त्याला नक्की पटेल. (पिल्लू घरी नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे, पण तो मुद्दा मोठ्यांसाठी.) चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन वेळासला २००२ पासून कासवं वाचवण्याचं काम उभं केलं. तिथे पिल्लं सोडताना टॉर्च किंवा फ्लॅश लावू नका, पिल्लांची दिशा चुकते.

वाशिष्ठी नदीतल्या मगरीचं मात्र उलटं. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. तो ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. "खाल्लं, खाल्लं!" असा मुलं गलका करतात, मग पिल्लं सुखरूप बाहेर आली की टाळ्या पिटतात. धनेश पक्ष्याची मादी तर पिल्लांसाठी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो.

मला खटकतात ती वेगळीच कार्टून: ज्यात पिल्लू घरी आणून त्याला कपडे घालतात, बाटलीनं दूध पाजतात. ती मी दाखवत नाही. कारण आपल्याकडे कौलाखाली, माळ्यावर उदमांजराची पिल्लं खरोखर सापडतात आणि मुलं लगेच वाटी घेऊन धावतात. आई रात्री खाणं शोधायला गेलेली असते, ती परत येते. गाईचं दूध त्या पिल्लांना बाधतं. तेव्हा हात न लावता लांबूनच लक्ष ठेवा. आई आलीच नाही किंवा पिल्लू जखमी दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. नंबर मुलाकडूनच फिरवून घ्या.