आमरीची बाटली फोडताना

प्रश्न : डेंड्रोबियम या आमरीची (ऑर्किडची) प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेली रोपं असलेली बाटली कुरिअरने आली. वाटेत उलटीपालटी होऊन आतली जेली कालवली गेलीय, रोपं काचेला चिकटलीत. गणपती होईपर्यंत तशीच ठेवली तर चालेल का? (वेंगुर्ले)

उत्तर : नको. रोपं जेलीत ताठ उभी असती तर बाटली न उघडता, थेट ऊन लागणार नाही अशा खिडकीपाशी महिनाभर सुखाने राहिली असती. पण जेलीत लडबडलेली पानं कुजतात. दोन-चार दिवसांत काढा. आत कापसासारखी बुरशी दिसली तर आजच काढा, कारण त्या जेलीत साखर असते आणि बुरशी ती रोपांच्या आधी फस्त करते.

पुढच्या वेळी शक्यतो सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात मागवा. हवेत ओल असते पण झोडपणारा पाऊस नसतो, आणि एप्रिलच्या काहिलीआधी मुळं धरायला वेळ मिळतो.

प्रश्न : बाटलीचं तोंड अगदी अरुंद आहे. रोपं न मोडता बाहेर कशी काढायची? (गुहागर)

उत्तर : चपटी बाटली असणार. थायलंडची रोपं बरेचदा तसल्याच बाटलीत येतात. पार्सल फाटलं होतं तेव्हा आमच्या पोस्टमनने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं होतं! ओढाताण करू नका. बाटली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, वरून जुनं फडकं, आणि बुडाकडे हातोडीचा एकच बेताचा घाव. हातमोजे घालून काचा वेचा.

खरं काम पुढे आहे. पसरट परातीत कोमट पाणी घेऊन जेलीचा गड्डा दहा-पंधरा मिनिटं तसाच बुडवून ठेवा. मुळांच्या बेचक्यातली जेली शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखी असते. चोळली तर आणखी पसरते, पाण्यात झुलवली तर आपसूक सुटते. रोप पानांपाशी धरा, मुळं खाली सोडा, हळूहळू हलवा. राहिलेलं रंगाच्या मऊ ब्रशने काढा. मुळं चवळीच्या शेंगेसारखी कट्कन मोडतात, पण एखादं मोडल्याने रोपाचा जीव जात नाही. मागे राहिलेल्या जेलीने मात्र जातो. पाणी तीनदा बदला. बोटांना बुळबुळ लागेनाशी झाली की झालं. शेवटी लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत कागदावर निथळू द्या. ही परात मग पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका रोपाला एक कुंडी, हा मोह आवरा. सारख्या उंचीची पंधरा-वीस रोपं एकाच उथळ कुंडीत दाटीने लावा. एकमेकांच्या आडोशाने ती बरी धरतात.

प्रश्न : रोपं लावून आठ दिवस झाले. उकडतं म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालतो. तरी पानं लोळली, आता बुडखा काळा पडून रोपं हातात येतायत. (मालवण)

उत्तर : तहान पानांना लागलीय आणि पाणी तुम्ही मुळांना पाजताय. बाटलीतली हवा वाफेने गच्च भरलेली असते. तिथे वाढलेल्या पानावर मेणाचा थर धड बसलेला नसतो, पर्णरंध्रांनाही (पानावरच्या बारीक छिद्रांनाही) मिटायची सवय नसते. बाहेर आल्यावर पान पाणी सोडतच राहतं. बाटलीतली मुळं तेवढं पाणी ओढू शकत नाहीत, सतत भिजल्याने उलट कुजतात.

काळी पडलेली रोपं आजच फेकून द्या. उरलेली उपटून, बुरशीनाशकात बुडवून नव्या माध्यमात (कुंडीत मातीऐवजी जे भरतो त्यात) लावा. कुंडी झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा पंचाहत्तर टक्क्यांच्या शेडनेटखाली. पहिले पंधरा दिवस झाकण लावलेलं, फक्त सकाळी थोडा वेळ उघडायचं. मग रोज थोडं थोडं जास्त. महिना-दीड महिन्यात झाकण काढता येतं. पाणी सकाळीच, तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच.

माझी पहिली बाटली मी ऐन जुलैत उघडून पडवीच्या कडेला ठेवली होती. पागोळ्यांचे शिंतोडे उडत होते, मला वाटलं, छान, आयतंच पाणी. पाच दिवसांत बत्तीस रोपांचा शेंबूड झाला.

आणखी एक. तुमची विहीर मचूळ असेल तर ते पाणी देऊ नका. पावसाचं साठवलेलं द्या.

प्रश्न : कुंडीत भरायला मॉस (वाळवलेलं शेवाळ) महाग पडतं. नारळाचं सोडण आणि फुटकी कौलं वापरली तर? (देवगड)

उत्तर : खुशाल वापरा. बुडाला कौलाचे तुकडे, वर चिंचोक्याएवढे सोडणाचे आणि कोळशाचे तुकडे, आणि मुळांभोवती तेवढं चिमूटभर मॉस. सोडण आधी पाच-सहा दिवस भिजत घालून रोज पाणी बदला, तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत. त्यात क्षार असतात. माती मात्र अजिबात नको.

प्रश्न : खत कधी? फुलं कधी? (दापोली)

उत्तर : नवं मूळ दिसेपर्यंत काही नाही. मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. डेंड्रोबियमला फुलं यायला दोन-तीन वर्षं, वांडा या दुसऱ्या आमरीला त्याहून बरीच जास्त. तोवर पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. एक गोगलगाय एका रात्रीत कोवळे शेंडे साफ करते.

प्रश्न : आमच्या आंब्यावर सीतेची वेणी (रानटी आमरी) आहे, यंदा शेंगा धरल्यात. बी घरी पेरलं तर उगवेल? (सावंतवाडी)

उत्तर : आमरीचं बी म्हणजे निव्वळ धूळ, त्यात अन्नसाठा नसतो. रानात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. बुरशीऐवजी साखर देऊनही ते रुजवता येतं, हे अमेरिकेत लुईस नुडसन यांनी 1922 मध्ये दाखवलं आणि तिथून ही बाटली आली. पण घरच्या हवेत बुरशीचे बीजाणू इतके, की त्या साखरेवर तेच आधी वाढतील. हौस असेल तर ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळेत विचारा. शेंग हिरवी, न तडकलेली असतानाच काढून द्यावी लागते. तोवर आतलं बी निर्जंतुक असतं. नेताना कोरड्या कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि पोचेपर्यंत शेंगेवर बुरशी येते.